चौतीस नंबरची बाटली

“अठरा,” मी म्हणाले, आणि खात्री करायला कॅप्सूल पुन्हा ताटलीत ओतून बोटाने दोन-दोन सरकवल्या. साठ दिल्या होत्या. एकवीस दिवस झाले होते, रोजच्या दोन. अठराच उरायला हव्या होत्या आणि अठराच उरल्या होत्या.

“बगा, म्हटलं न्हवतं?” हौसाबाई जमदाडे पदराने तोंड पुसत म्हणाल्या. “हौसा जबान दिल्यावर हालत न्हाई.”

ओसरीवर आणखी पाच-सहा बाया आपापल्या बाटल्या घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे वळून मी मास्तरणीसारखं सुनावलं, “शिका जरा यांच्याकडून. कुणाच्या तीस उरतात, कुणाच्या पाच. कुणी चार दिवस विसरतं आणि मग एका दिवशी आठ गिळतं. औषध आहे, की हरभरे?”

बाया हसल्या. हौसाबाईंची मान ताठ झाली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. जिल्ह्याच्या ठिकाणी एका संशोधन केंद्रात नोकरी करत होते. द्राक्षाच्या साली-बियांच्या अर्काने पन्नाशीपुढच्या माणसांचा रक्तदाब उतरतो का, हे आमच्या डॉक्टर देवधर मॅडम तपासत होत्या. त्यासाठी तासगावच्या पुढचं मणेवाडी हे गाव निवडलं होतं. ऐंशी माणसं घेतली होती. निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये द्राक्षाचा अर्क आणि निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये नुसतं भाजलेलं पीठ. रंग तोच, आकार तोच. कुणाच्या बाटलीत काय आहे ते माणसाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. बाटलीवर फक्त नंबर. कुठल्या नंबरात काय, याची बंद पाकिटं मॅडमच्या कपाटात होती. हौसाबाईंचा नंबर चौतीस.

माझं काम सोपं होतं. दर तीन आठवड्यांनी यायचं, रक्तदाब मोजायचा, कॅप्सूल मोजायच्या, फॉर्म भरायचा. मी डॉक्टर नव्हते. पण गावाने मला पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाई करून टाकलं आणि मीही ते फारसं खोडून काढलं नाही. त्या वयात बरं वाटतं.

आणखी एक नियम होता. तीन महिने कुणी द्राक्ष किंवा बेदाणा खायचा नाही, नाहीतर कॅप्सूलचा गुण कळणार कसा? ऐन हंगामात, द्राक्षाच्या गावात! पण लोकांनी मान हलवली. पुढे मला कळलं की हौसाबाई रोज बागेत दहा-वीस मणी तोंडात टाकतात. मी विचारलं तर त्या उलट माझ्यावरच उखडल्या. “आवं, ती चव बगणं! त्याला खाणं म्हणत्यात व्हय? मण्याची गोडी बगितल्याबिगर घड तोडायचा कसा?”

आणि खरंच, त्यांची जीभ म्हणजे नवल होतं. व्यापारी गोडी मोजायचं यंत्र घेऊन यायचे, पण हौसाबाई मणी चावून, बी दाताखाली फोडून, कुठल्या बागेचा आणि किती दिवसांत उतरेल ते सांगायच्या. व्यापारी यंत्र खिशात घालायचे.

“या गोळीचंच तेवढं अवघड हाय,” त्या मला म्हणाल्या होत्या. “चावल्याबिगर मी काय गिळत न्हाई कंदी. पर तुमी म्हणता फोडायची न्हाई, तर न्हाई.”

त्या दिवशी ओसरीच्या कडेला सुपात बेदाणा निवडत बसली होती हौसाबाईंची धाकटी जाऊ मंगल. पन्नाशी ओलांडून एकच वर्ष झालेलं. पाच वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदलली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. अंगाने काडी, पण तोंडाने तिखट.

“मला काय तुमच्या शाळंत नाव मिळालं न्हाई,” ती मला म्हणाली. “आक्का पयला नंबर काढती आन मी भाईरच.”

“तुमचं नियमात बसत नाही, मंगलताई.”

“व्हय, व्हय. माजं काळीज जुनं, झडप नवी. नियमात कसं बसंल?”

तिने सूप पाखडायला हात उचलला तेव्हा तिच्या दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला. “हे काय झालं?” मी विचारलं.

“क्रेट लागला. मला फुंकर मारली तरी वळ उठतोय.”

रक्त पातळ असलं की असे डाग येतात, एवढं मला माहीत होतं. “दवाखान्यात दाखवून या,” असं मी म्हणाले आणि पुढची बाटली मोजायला घेतली. अजून सहा घरं उरली होती.

पुढच्या फेरीला मी गावात शिरले तेव्हा जमदाड्यांच्या दारात पुरुष मुंडण करून बसले होते. मला वाटलं कुणी म्हातारं गेलं असेल. घराच्या कोपऱ्यावर भेटलेल्या बाईने सांगितलं, मंगल गेली. बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर घड पसरताना डोकं धरून खाली बसली. मिरजेला नेली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी गेली. आज दहावा.

“डाक्तर म्हणलं, रगत लई पातळ झालं हुतं,” ती बाई आवाज उतरवून म्हणाली. “गोळी जादा गेली म्हणं. गोळ्या नव्या सुनंच्या हातात हुत्या.”

नवी सून म्हणजे शीतल. मंगलच्या मुलाची, प्रशांतची बायको. लग्नाला आठ महिने झाले होते, वय वीस. बारावी शिकलेली म्हणून सासूच्या गोळ्या तिच्याकडे दिलेल्या.

मी परत फिरणार होते. एवढ्यात हौसाबाईंनी मला पाहिलं आणि हाताला धरून मागच्या परड्यात नेलं. गोठ्याच्या भिंतीला टेकून त्या उभ्या राहिल्या. दहा दिवसांत निम्म्या झाल्या होत्या. कनवटीची बाटली काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

“मोजा,” त्या म्हणाल्या.

“आज राहू दे, आक्का.” ‘आक्का’ असं मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले.

“मोजा म्हणते न्हवं. हे धा-अकरा दिस सोडलं तर बरोबर भरत्याल. भरत्यालच. पर मी त्यातली एक बी खाल्ली न्हाई.”

मला आधी काही कळेना.

“मंगलला दिल्या,” त्या म्हणाल्या. “रोज दोन. सकाळी एक, सांजच्याला एक. पयल्या दिसापासनं.”

“का? आक्का, का?”

“का काय, बाई? सव्वीस वर्सं एका चुलीवर जेवलो आमी. लुगडं आलं तर दोन, बांगडी आली तर दोन. तिला कमी आन मला जास्त, असं या घरात झालं न्हाई कंदी. मी धडधाकट, मला काय करायचंय अवशीद? आजारी ती. आन तुमीच म्हणाला हुता न्हवं देवळात, द्राक्षाच्या बियानं रगत मोकळं ऱ्हातं म्हणून? तिला मोकळ्या रगताचीच तर गोळी हुती. म्हटलं, तिची आन ही मिळून झडप चांगली चालंल. तिचं नाव तुमी घेतलं न्हाई. म्हटलं नसू दे, माज्यातलं देते.”

मी देवळात म्हणाले होते तसं. पहिल्या सभेत, लोकांना समजावं म्हणून, सोप्या भाषेत.

“आता खरं सांगा,” त्यांनी माझं मनगट धरलं. “माज्या गोळीनं गेली का ती?”

“मला नाही माहीत, आक्का. तुमच्या बाटलीत अर्क आहे की पीठ, तेच मला माहीत नाही.”

“कुणाला म्हाईत हाय?”

“पाकिटात आहे. मॅडमकडे.”

“मग बगून या. पीठ असलं तर मी सुटले. द्राक्ष असलं तर मीच मारली तिला. पर मला ठावं पायजे. न्हाईतर मी हितंच इरून जाईन.”

त्याच दिवशी दुपारी मी देवधर मॅडमसमोर बसले होते. हौसाबाई बोलल्या ते सगळं मी सांगितलं. मग त्या उठल्या आणि कपाट उघडून चौतीस नंबरचं पाकीट काढलं. कात्रीने कडा कापली, आतली चिठ्ठी वाचली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

अर्क.

“याने गेली असं म्हणता येणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “तिची रक्ताची तपासणी वेळेवर झाली होती का?”

“हंगाम होता. दोन महिने झाली नाही म्हणतात.”

“मग तिच्या रोजच्या गोळीचाच परिणाम वाढला असेल. किंवा दोन्ही मिळून झालं असेल. छातीठोक कुणालाच सांगता येणार नाही. पण लपवायचं नाही. मी देखरेख समितीला आजच कळवते. काम थांबवावं लागलं तर थांबवू. आणि त्या घरी तू जायचं. ते तुला ओळखतात. जे आहे ते, आणि जे माहीत नाही तेही, दोन्ही सांगायचं. जमेल?”

“हो.”

मग त्यांनी फॉर्मचा गठ्ठा पुढे ओढला. मंगल जमदाडेचा, आपण न घेतलेल्या माणसांतला, एकपानी फॉर्म त्यांना सापडला.

“सुनेत्रा, इथे कारण लिहायला जागा आहे. तू लिहिलंयस, ‘नियमात बसत नाही’. तिला का घेत नाही, ते तिला सांगितलं होतंस ना? की रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर हे घेतलं तर धोका होऊ शकतो?”

नावं नोंदवायच्या दिवशी माझ्यापुढे तेवीस माणसं रांगेत होती. शेवटची एसटी पाच वाजता होती. मंगलने विचारलं, मला का न्हाई, आणि मी म्हणाले, नियमात बसत नाही. एवढंच. पुढचं एक वाक्य मी बोलले असते, तर हौसाबाईंनी त्या बाटलीला मंगलचा हात लागू दिला नसता.

“सांगितलं होतं,” मी मॅडमना म्हणाले.

बाराव्या दिवशी मी मणेवाडीला गेले. एसटीत बसून सगळी वाक्यं मनात जुळवली होती. दारात शिरायच्या आधी गोठ्याजवळ शीतल भेटली. शेणाच्या पाट्या भरत होती. तिच्याशी घरात कुणी बोलत नसावं, हे तिच्या बघण्यावरून कळत होतं.

“मॅडम,” ती घाईघाईने म्हणाली, “मी एकच गोळी देत होते. रोज रात्री जेवल्यावर. डब्यावर पेनाने खुणा केल्यात, बघता का? मोजून देत होते. तुम्ही सांगा ना यांना. तुमचं ऐकतील.”

“हो, हो. बघते,” मी म्हणाले.

हौसाबाई आतल्या खोलीत एकट्याच होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. तसं पुन्हा कुणी माझ्याकडे बघितलेलं नाही.

“काय निघालं?”

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “पीठ.”

“काय?”

“पीठ होतं, आक्का. चौतीस नंबरात नुसतं पीठ. तुमच्या गोळ्यांनी काहीही झालेलं नाही.”

त्यांनी डोळे मिटले. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून त्या हमसून हमसून रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं. दयेपोटी बोलले, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. दया होती, नाही असं नाही. पण द्राक्ष म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग मंगलला का न्हाई सांगितलं? मी हौसाबाईंना सोडवलं त्यात स्वतःलाही सोडवून घेतलं.

निघताना शीतल परड्यात दिसली. मी तिच्याकडे न बघता वाट धरली.

मॅडमनी विचारलं, “सांगितलंस?” मी म्हणाले, “हो.”

समितीने चौकशी केली, काम महिनाभर थांबलं, मग उरलेलं आटोपलं. अहवालात मंगलबद्दल तीन ओळी होत्या, नाव नव्हतं. कारण सिद्ध होत नाही, असं शेवटी लिहिलं होतं. रक्तदाबाचं म्हणाल तर अर्कवाल्यांत आणि पीठवाल्यांत म्हणण्यासारखा फरकच निघाला नाही. मणेवाडीतल्याच एकीने पुढे बाजारात भेटल्यावर सांगितलं, तेराव्याला पाहुणे जमले, बोलाचाली झाली आणि शीतलला माहेरी पाठवलं. वर्षभराने सोडचिठ्ठी झाली. प्रशांतने दुसरं लग्न केलं. “सासूला जादा गोळ्या चारल्या म्हणं,” ती म्हणाली आणि मी कोथिंबिरीची जुडी उचलून पिशवीत घातली.

एकोणीस वर्षं गेली. मी आता परिचारिकांना आणि आशाताईंना शिकवते. मागच्या वर्षी कवठ्याकडच्या आशाताईंचं प्रशिक्षण होतं. विषय मीच निवडलेला, रुग्णाला औषध समजावून कसं सांगावं. चाळीस जणी होत्या. मी फळ्यावर लिहिलं, ‘नाही म्हणताना कारण सांगा’. शेवटच्या रांगेतून एक हात वर झाला.

“मॅडम, रक्त पातळ करायची गोळी एकच दिली, अगदी मोजून दिली, तरी माणूस जातं का?”

केस पुढून पांढरे झाले होते. पण डोळे तेच. तिने मला कधीच ओळखलं होतं.

दुपारच्या सुट्टीत मी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. बाटली, पाकीट, फॉर्मवरची ओळ, पीठ. शीतलने डबा उघडला होता, तो तसाच मांडीवर राहिला.

“तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?”

“हो.”

“मी गोठ्याजवळ तुम्हाला विचारलं, तेव्हाही?”

“हो.”

ती रडली नाही, ओरडली नाही. मी तयारीत होते, पण तसं काही झालं नाही. डब्याला झाकण लावून ती म्हणाली, “थोरल्या आत्या अजून आहेत, मणेवाडीतच. तुमची गाडी आहे ना? चला.”

मी चाळीस किलोमीटर गाडी चालवली.

मणेवाडीत घर स्लॅबचं झालं होतं. घरातली माणसं बागेत गेली होती. ओसरी मात्र तीच. हौसाआक्का भिंतीला टेकून बसली होती, सत्त्याहत्तरची, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले.

“कोन हाय?”

“मी सुनेत्रा, आक्का. गोळ्यांवाली बाई.”

“आन मागं कोन?”

शीतल पायरीखाली उभी होती. मी आक्काच्या समोर खाली बसले. पुन्हा धीर सुटायच्या आत बोलून टाकलं. “आक्का, मी तेव्हा खोटं बोलले. चौतीस नंबरात पीठ नव्हतं. द्राक्ष होतं.”

आता ही कोसळेल, असं मला वाटलं. तिला धरायला मी हात पुढे केला होता.

“ठावं हाय मला,” आक्का म्हणाली.

मी हात मागे घेतला.

“मंगलच्या पानाच्या डब्यात दोन गोळ्या उरल्या हुत्या. तुमी पीठ म्हणून सांगून गेला, त्याच सांजच्याला म्या एक फोडली. जिभंवर घातली.” ती कोरड्या आवाजात बोलत होती. “बाई, जलम गेला माजा द्राक्षात. बी कंची आन पीठ कंचं, कळंना व्हय मला? दुसरी चुलीत टाकली.”

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं. कुठल्या तोंडाने विचारलं, कोण जाणे.

“तुमी पीठ म्हणाला हुता. डाक्तरीण म्हणती पीठ, तर पीठ. तुमच्या शब्दाच्या आडोशाला बसले मी. आजपातूर बसले.”

शीतल पायरी चढून वर आली. आक्काने तिच्या पावलांच्या आवाजाकडे मान वळवली.

“म्हणजे तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी,” शीतल म्हणाली.

आक्काने आवाज ओळखला. “व्हय.”

“आणि तेराव्याला सगळ्यांसमोर मी तुमचे पाय धरले. म्हटलं, थोरल्या आत्या, तुम्ही तरी सांगा, मी एकच देत होते. धरले होते का नाही?”

“धरलं हुतंस.”

“तुम्ही पाय मागं घेतले.”

“व्हय. घेतलं.” आक्का हवेत हात चाचपडू लागली. “पोरी, हिकडं ये गं. जवळ ये.”

शीतल जवळ गेली नाही. खांद्यावरच्या पिशवीतून तिने आपली कामाची वही काढली, मागचं एक कोरं पान नीट फाडलं आणि पेनासकट माझ्यापुढे ठेवलं.

“लिहून द्या,” ती म्हणाली. “दोघींनी. कारणाच्या जागी कारण लिहा.”

ज्या फरशीवर मी कॅप्सूल सरकवत बसायचे, तिथेच पान ठेवून मी लिहायला लागले. मंगल जमदाडे यांना का घेतलं नव्हतं ते लिहिलं. ते त्यांना मी सांगितलं नव्हतं, हे लिहिलं. चौतीस नंबरच्या बाटलीत काय होतं आणि ते कुणी कुणाला दिलं, तेही लिहिलं. मी पीठ म्हणाले, ते लिहिलं. आक्काने कॅप्सूल कधी फोडली, ते लिहिलं. खाली सही केली. आक्काला वाचून दाखवलं. ती प्रत्येक ओळीला व्हय म्हणाली. मग पेनाची शाई तिच्या अंगठ्याला चोळली आणि अंगठा कागदावर टेकवला. एवढ्या वर्षांपूर्वी, नाव नोंदवून घेताना, मी तिचा अंगठा असाच धरला होता.

शीतलने कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

“मी मोजून देत होते, हे राहिलं.”

अंगठ्याच्या वर थोडी जागा होती. तिथे मी बारीक अक्षरात लिहिलं, ‘शीतल रोज एकच गोळी देत होती. मोजून देत होती.’

तिने कागदाची घडी केली, वहीत ठेवली, वही पिशवीत घातली. आक्का अजून हात पुढे करून बसली होती. मी गाडीची किल्ली काढली.

“नको,” शीतल म्हणाली. “मी एसटीनं जाते.”